घिवलीच्या मासळीचा वार

मी पालघरला गेले ती तिथल्या लोकांची जगाला ओळख करून द्यायला. जगाने तशी मागणी केली नव्हती. पालघरने तर नाहीच नाही.

साठीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि आमच्या पुण्यात ज्याला त्याला वाटत होतं की देश आता कुठल्या कुठे जाणार. देशाबरोबर आपणही जावं असं मला वाटलं. वय बावीस, बी.ए. मराठी, दुसरा वर्ग. एका महिला मासिकात माझा एक लघुनिबंध छापून आला होता. संपादकांनी तो अर्धा कापला होता आणि उरलेला अर्धाही जास्तच होता. तरी मी तो अंक घेऊन पुन्हा पुन्हा त्यांच्या कचेरीत जाऊन बसत असे. शेवटी एक दिवस ते म्हणाले, "असं करा, लहान गावांतल्या कर्तबगार माणसांवर लिहा. त्यासाठी गावाला जावं लागेल." या वाक्यातला महत्त्वाचा भाग कोणता, हे मला कळायला वर्षं लागली.

मी लगेच प्रश्नावली तयार केली आणि तिच्या तीस प्रती सायक्लोस्टाइल करून घेतल्या. प्रश्न चार: नाव, व्यवसाय, छंद आणि जीवनाचा संदेश. माणूस म्हणजे एक धंदा, एक छंद आणि एक संदेश, अशी माझी पक्की समजूत होती. माझी नात म्हणते, "आजी, तू स्वतःला फार टाकून बोलतेस." अगं, ती मुलगी तुला भेटली असती, तर तू उठून दुसऱ्या खोलीत गेली असतीस.

पालघर, सोमवार

पालघरला माझी माई मावशी राहायची. तिचे यजमान अण्णा काका तहसील कचेरीत कारकून होते. तिथे दिवसभर गप्प बसावं लागे, त्याचं उट्टं ते संध्याकाळी वाचनालयात काढत. वाचनालयाचे ते चिटणीस. माझी प्रश्नावली पाहून त्यांचे डोळे चमकले.

"रविवारी परिचय-संध्या करू! गावातले सगळे गुणीजन बोलावतो. तू व्यासपीठावरून एकेकाची ओळख करून दे."

"अहो," मावशी आतून म्हणाली, "या गावात कुणाच्या घरी कालची आमटी उरली तेही सगळ्यांना ठाऊक असतं. ओळख कुणाची कुणाला करून देणार?"

"तोंडओळख वेगळी आणि परिचय वेगळा," काका म्हणाले. मी मान डोलावली. आम्ही दोघं एकमेकांना फार शोभत होतो.

पहिला गुणीजन शेजारीच निघाला. विमल सिस्टर ही सरकारी दवाखान्याची सुईण. सायकलवरून पाड्यापाड्यांत जाऊन बाळंतपणं करायची. दिवसभर चिखलमातीतून सायकल मारून आली, की ही बाई ओसरीवर कंदील घेऊन लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून बसे. मी गेले तेव्हा तिच्या मांडीवर एका रेडिओची आतडी पसरली होती.

"या दोन कामांत तुम्हाला काही आंतरिक नातं जाणवतं का?" मी विचारलं. खरंच, असंच विचारलं.

तिने दातांत धरलेला स्क्रू काढला. "जाणवतं ना. बाळ काय, रेडिओ काय, रडला तर बरं. गप्प राहिला की पंचाईत."

मी लिहून घेतलं: 'मातृत्वाचा विज्ञानाशी संगम.' तिचं वाक्य मात्र लिहिलं नाही. ते मला फार साधं वाटलं.

माहीम, मंगळवार

पालघरहून माहीमला जाणारा रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना पानवेली, केळी, नारळ, आणि मध्येच एखादी विहीर. आमच्याकडे पुण्यात विड्याचं पान दुकानात उगवतं, त्यामुळे मला वेलीवर चढलेलं पान बघून गहिवरून आलं. पायांत चपला तशाच ठेवून मी पानमळ्यात शिरले. माळ्याने मला हाताला धरून बाहेर काढलं. पानवेलीत चपला घालून जायचं नसतं. मी त्याला म्हटलं, "ही श्रद्धा फार सुंदर आहे." तो म्हणाला, "सुंदर हाय तर चपला काढ."

मला भेटायचं होतं दामू टेलरला. दिवसा शिवणकाम आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट. मी गेले तेव्हा त्याच्या अंगणात उकडहंडी लावली होती. मडक्यात वालपापडी, कोनफळ, रताळी, मसाला असं सगळं भरून, तोंडाला पाला कोंबून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. ते शिजेपर्यंत दामूच्या बायकोने मला नीरा दिली. नीरा आरोग्याला चांगली असं मी वाचलं होतं, म्हणून दोन पेले घेतले. ती पहाटे काढलेली असते आणि ऊन वर चढलं की तिची ताडी होत जाते, हे मी वाचलेलं नव्हतं. तेव्हा साडेअकरा वाजले होते. त्या दुपारी मी सलग सात पानं लिहिली. माझ्या त्या काळच्या लेखनात तीच जरा बरी आहेत.

"दामूकाका, पोटासाठी तुम्ही शिवता, पण आत्मा मात्र क्लॅरिनेटमध्ये, खरं ना?"

दामू हसला. "पोट बँडवर चालतं, ताई. लग्नाला क्लॅरिनेट लागतोच. शिवायला आता लोक बोईसरला जातात, नव्या फॅशनीला. मी शिवतो ते माझ्या हौसेला." आणि त्याने कपाटातून एक कोट काढला. कुणाच्याच मापाचा नसलेला, आतून बाहेरून सारखा दिसणारा, टाका कुठे आहे ते शोधावं लागेल असा कोट. कुणी मागितला नव्हता. तीन वर्षं तो तो कोट शिवत होता.

मी लिहिलं: 'व्यवसाय, शिवणकाम. छंद, क्लॅरिनेट.' प्रश्नावलीत तेच बरं दिसत होतं.

घिवली, बुधवार

बोईसरहून एस.टी.ने पुढे जाऊन उरलेली वाट पायी तुडवत मी घिवलीला पोचले. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला लांबवर बांधकामाच्या उंच याऱ्या, म्हणजे क्रेन. नव्या आखणीत कुणाची वाडी कुठे गेली, यावर लोक आपापसांत बोलत होते. माझ्या प्रश्नावलीत तो प्रश्न नसल्यामुळे मी ऐकून घेतलं नाही.

गावात होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या. जाळी वाळत पडली होती आणि पुरुष सावलीत बसून पत्ते खेळत होते. मासे कुठेच नव्हते. मला खरं सांगायचं तर सुखच वाटलं. आमच्या घरात मासा फक्त गणपतीच्या आराशीत, कागदाचा. मी वहीत लिहिलं: 'पुरुषवर्ग भरदिवसा पत्ते खेळताना आढळला. आळस हा विकासातील अडथळा.' ते पान मी पुढे फाडून टाकलं, म्हणून इथे आठवणीने देते आहे. आपली पापं दुसऱ्याने सांगण्यापेक्षा आपण सांगितलेली बरी.

काशीबाय तिथे भेटली. चाळिशीची, काटक. आवाज असा, की लाटांना वाट बघावी लागे. ती ओट्यावर बसून फाटलेलं जाळं विणत होती.

"नाव?"

"काशी."

"व्यवसाय?"

तिने माझ्याकडे, मग समुद्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

"छंद?"

"ते काय असतं?"

"म्हणजे रिकाम्या वेळी काय करता?"

"रिकामा येळ तुझ्याकडं हाय, बाय. तू सांग, तू काय करतं?"

रविवारच्या कार्यक्रमाचं निमंत्रण दिलं तेव्हा तिने आधी उडवून लावलं. मी पाहुण्यांची नावं सांगू लागले. त्यात बोईसरच्या मजूर-मेसचे मिश्राजी प्रमुख पाहुणे आहेत, हे ऐकताच तिचा विणणारा हात थांबला.

"मेसवाला येनार?"

"हो. त्यांनी कार्यक्रमाला खुर्च्या दिल्यात."

"मंग मी येतं. पन त्याच्यासमोर माजी वळक चांगली सांगायची."

मग तिने जे सांगितलं ते एवढंच. गावातल्या पाच बाया टोपल्या डोक्यावर घेऊन बोईसरला जात आणि रस्त्याच्या कडेला बसून मासळी विकत. "दुपार झाली की मासळी मऊ नि गिऱ्हाईक ताठ," ती म्हणाली. बांधकामावर केरळचे, बंगालचे मजूर आले होते. त्यांना मासळी हवी होती. मेसने घेतली तर या पाच बाया सकाळीच मोकळ्या. पण मिश्राजींकडे मुंबईहून एक ट्रकवाला फेऱ्या घालत होता, बर्फातली मासळी घेऊन.

"समिंदर हितं नि मासळी मुंबईची!" काशीबाय म्हणाली. "तो ट्रक एकदा लागला ना, की आमी कायमच्या रस्त्याला. तू शिकलेली हायस, तू बोल त्याच्याशी."

ही शेवटची ओळ माझ्या डोक्यात गेली आणि तिथे फुगली.

बोईसर, गुरुवार

रविवारपर्यंत थांबायचं कशाला? मी गुरुवारीच मेसमध्ये गेले. पत्र्याची लांब शेड, आत बाकं. भिंतीवर फळा आणि फळ्यावर आठवड्याचं जेवण: सोम आलू, मंगल चना, असं. मिश्राजी गोरखपूरकडचे. कपाळावर चंदन, स्वतः कांदासुद्धा न खाणारे. पण मजूर खातात ते पुरवणं हा त्यांचा धर्म. मी माझ्या शाळेतल्या हिंदीत काशीबायची बाजू मांडली. 'सागर', 'परिश्रम' आणि 'स्वावलंबन' हे शब्द मी वापरल्याचं मला आठवतं.

"बहनजी," ते म्हणाले, "मुझे बस दो दिन मछली चाहिए. कौन से दिन?"

आता मासे खाण्याचे वार कोणते? आमच्या वाड्यातले खाणारे शेजारी बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी खात. म्हणजे महाराष्ट्राचे वार तेच. "बुधवार आणि शुक्रवार," मी ठणकावून सांगितलं. "उद्यापासूनच. सकाळी नऊ वाजता, ताजी."

"पक्का?"

"पक्का."

त्यांनी फळ्यावर शुक्रवारपुढचं 'आलू' पुसून 'मछली' लिहिलं. कुणीतरी आतून आरोळी ठोकली. मी एका चिठ्ठीवर 'उद्या नऊ वाजता ताजी मासळी घेऊन मेसवर यावे, सर्व ठरले आहे' असं लिहून घिवलीकडे जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दिली आणि स्वतःच्या कार्यक्षमतेवर खूश होत परतले. रात्री मावशीने विचारलं, "त्या बाईला विचारलंस का गं?" मी म्हटलं, "मावशी, काही माणसांसाठी आपण पुढाकार घ्यावा लागतो." मावशीने नुसतं माझ्या पानात वाढलेलं लोणचं परत काढून घेतलं.

बोईसर, शुक्रवार

नऊ वाजले. दहा वाजले. मी मेसच्या दाराशी वही घेऊन उभी. ऐतिहासिक क्षण टिपायचा होता ना. अकरा वाजता मिश्राजी बाहेर येऊन आभाळाकडे बघायला लागले, जणू मासळी तिकडून येणार होती. साडेबाराला दोनशे मजूर बसले आणि त्यांच्या पुढ्यात बटाटा आला. एका बंगाली फिटरने वाटी उचलून आत पाहिलं, मग वाटीच्या खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"इतवार तक देखूँगा," मिश्राजी मला म्हणाले. "आपका मान रखके. सोमवार से बंबई का ट्रक." फळ्यावरचा 'मछली' शब्द त्यांनी हाताने पुसला. रागाने नाही, आणि तेच जास्त लागलं.

मी तशीच एस.टी.त बसून घिवली गाठली. काशीबाय ओट्यावर होती, बुधवारी होती तिथेच.

"काशीबाय! मासळी?"

"कुठची मासळी?"

"चिठ्ठी नाही मिळाली?"

"मिळाली. कंडक्टरनं वाचून दाखवली. आमी समदे हासलो. वाटलं, चेष्टा करतं पुन्याची बाय."

"चेष्टा?"

"मंग? भांगाच्या दिसांत मासळी आन म्हनते! दशमीला!"

आणि मग तिने मला सांगितलं, एवढ्या शांतपणे की ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यांची जाळी प्रवाहात लावतात आणि मासळी पाण्याच्या जोराने आत येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाण्याला जोर, जाळं भरतं. अष्टमी आली की पाणी ढिलं पडतं. त्याला भांग म्हणतात. बारशीपर्यंत जाळं टाकलंच तर रिकामं येतं. म्हणून पुरुष पत्ते खेळतात आणि बायका जाळी दुरुस्त करतात. किनाऱ्यावरचं पोरसुद्धा दशमीला ताजी मासळी मागत नाही, म्हणून माझी चिठ्ठी त्यांना थट्टाच वाटली.

मी खाली वाळूकडे बघत मेसमध्ये काय झालं ते सांगितलं. ट्रकचंही सांगितलं.

जाळं विणायची सुई तिने जाळ्यात खोचली. मग ती म्हणाली, "मी तुला बोल म्हनलं. दिस ठरव म्हनलं का?"

हा प्रश्न प्रश्नावलीच्या तीस प्रतींत कुठेच नव्हता.

सफाळे, शनिवार

शनिवारी मला घरात बसवेना. विमल सिस्टर सफाळ्याच्या आतल्या पाड्यावर निघाली होती, तिच्याबरोबर गेले. एकादशी होती, मला उपास. भात कापून झालेली खाचरं, त्यापलीकडे डोंगर, आणि एका खोपीपुढे लाडक्या नावाचा म्हातारा गवताचा भारा बांधत होता. पावसाच्या भरवशावरची त्याची जमिनीची चिंधी होती. भात झाला की घरातले मिठागरावर कामाला जात. मी सवयीने वही काढली.

"बाय, तू काय करतं?" त्यानेच आधी विचारलं.

"मी लोकांची ओळख लिहिते."

"कोनाची?"

"तुमची."

"कोनाला सांगाया?"

"लोकांना."

तो भारा सोडून माझ्याकडे वळला. "आमाला सगळी वळखतात. तुला कोन वळखतं हितं?"

विमल सिस्टर मागे उभी राहून हसू दाबत होती. लाडक्याच्या सुनेने मला उकडलेली रताळी दिली. त्या आठवड्यात कुठलाही प्रश्न न विचारता माझ्यापुढे ठेवलेली ती एकच गोष्ट. मी वही मिटली आणि खाल्ली.

परतताना सिस्टर म्हणाली, "उद्या त्या काशीबायचं काय करणार?"

"चांगलं बोलेन. असं बोलेन की मिश्राजी विरघळतील."

"बाई गं," सिस्टर म्हणाली आणि सायकलवर बसली.

पालघर, रविवार

वाचनालयासमोरच्या पटांगणात मेसच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत मिश्राजी, एक डोळा कार्यक्रमावर आणि एक खुर्च्यांवर. शेवटच्या रांगेत घिवलीच्या पाच बाया, ठेवणीतल्या लुगड्यांत, डोक्यात अबोली. पाचही जणी आल्या होत्या. सोमवारी ट्रक लागणार की नाही ते आज ठरणार होतं.

पहिल्या दोन ओळखींनीच माझी शोभा झाली. "श्री. दामोदर, व्यवसाय शिवणकाम, छंद क्लॅरिनेट," असं मी म्हणताच खालून आवाज आला, "उलटं, उलटं!" आणि सगळं पटांगण हसलं. विमल सिस्टरचा 'मातृत्वाचा विज्ञानाशी संगम' चालू असताना कुणीतरी विचारलं, "सिस्टर, माझा रेडिओ झाला का?" तिने बसल्या जागेवरून "उद्या ने" म्हणून सांगितलं आणि टाळ्या तिलाच मिळाल्या.

मग काशीबाय. मी रात्रभर जागून भाषण लिहिलं होतं.

"लाटांच्या पाळण्यात वाढलेली ही सागरकन्या! हिला नफ्याचा मोह नाही, हिला विक्रीची हाव नाही, समुद्र देतो आणि ही वाटते..."

"थांब गो, थांब!" शेवटच्या रांगेतून आवाज आला. काशीबाय उठली होती. "वाटते कोन? मी विकते! फुकट वाटायला काय ती लग्नाची खिरापत हाय?"

ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली. व्यासपीठावर चढली नाही. थेट मिश्राजींसमोर उभी राहिली. अण्णा काका "अहो बाई, क्रमाने, क्रमाने" म्हणत राहिले.

"शेठ, सागराची कन्या नि काय नि काय, ते आयकू नको. माजा बा धोंडू होता. शुक्रवारी तुला मासळी नाय मिळाली. चूक माजी नाय. समिंदराची बी नाय. या बायची. पन ती शिकलेली हाय, तिला कसं म्हायती असनार?"

पटांगण हसलं. मी हातातल्या कागदाकडे बघत राहिले. त्यावर अजून दीड पान शिल्लक होतं.

मग तिने बोईसरच्या रस्त्यावर कमावलेली हिंदी बाहेर काढली. "देख शेठ. तुमारा हप्ता सात दिन का. हमारा हप्ता पंधरा दिन का. शुक्रवार किसने किया? मानूस ने किया. समिंदर को शुक्रवार मालूम नाय. समिंदर को पूनम मालूम, अवस मालूम. आठम से बारस तक पानी में जोर नाय, जाली खाली."

मिश्राजी खुर्चीत पुढे सरकले. "आठम से बारस. मतलब बीच में एकादशी."

"हा. कल एकादशी थी."

"कल मेरा व्रत था."

"मंग! तू भूका, समिंदर बी भूका."

मिश्राजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्या सात दिवसांच्या वाङ्मयाने कुणाच्याही चेहऱ्यावर आणलं नव्हतं. त्यांना पटलं. गोरखपूरचा शाकाहारी आणि घिवलीची कोळीण एका वाक्यात एकमेकांना भेटले, आणि मी, ओळख करून देणारी, मध्ये नुसती उभी. वाईट याचं वाटलं की आदल्या दिवशी मीही उपास केला होता. लहानपणापासून प्रत्येक एकादशी पाळत आले होते. पण तिथी मला ठाऊक होती ती साबुदाण्यापुरती.

"ट्रकवाला रोज देगा," मिश्राजी म्हणाले. घासाघीस सुरू झाली होती. म्हणजे आशा होती.

"ट्रकवाले का मछली कब मरा, ट्रकवाले को तरी मालूम हाय?"

मागच्या चार बाया मोठ्याने हसल्या. मिश्राजींनी हसू मिशीत ठेवलं. "और आठम से बारस?"

"सुकी देगा. सुका बोंबील, सुकट."

"केरलवाले खा लेंगे. बंगाली सूखी नहीं खाएगा."

"त्याला चार दिस कळ काढायला सांग. कळ काढली की ताजी गोड लागते." हे तिने मराठीतच सांगितलं, आणि मिश्राजींना ते कळलं.

"बरसात में?"

"बरसात में होडी वर. नारळी पुनव तक कुछ नाय. तब तेरा ट्रक बुला. मी खोटं नाय बोलनार."

मला वाटलं, हिने स्वतःच ट्रक बोलावला, सगळं घालवलं. झालं उलटंच. मिश्राजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. "जो अपनी तरफ से ना बोलता है, उसकी हाँ पक्की होती है. लेकिन एक बात. मेस में तिथि कौन देखेगा? लड़कों को वार चाहिए, तारीख चाहिए. बोर्ड पर क्या लिखूँ?"

काशीबायला लिहिता येत नव्हतं. मिश्राजींचं पंचांग गोरखपूरला घरी होतं आणि महिना मोजण्याची त्यांच्याकडची तऱ्हा वेगळी होती. माझ्याकडे मात्र पंचांग बघणारी मावशी होती, सुवाच्य अक्षर होतं, आणि सांगण्यासारखं दुसरं काहीही उरलेलं नव्हतं.

"मी लिहून देते," मी म्हटलं. कार्यक्रमात मी बोललेलं ते सर्वांत लहान वाक्य. त्याला टाळ्या पडल्या नाहीत. अण्णा काकांनी आभार मानले आणि मिश्राजींनी खुर्च्या मोजायला माणूस लावला.

बोईसर, मंगळवार

मी परतीचा दिवस पुढे ढकलला. सोमवारी मावशी आणि मी पंचांग उघडून बसलो. तेरस ते सप्तमी ताजी, अष्टमी ते बारस सुकी. त्यातले मेसला सोयीचे दिवस निवडले आणि वारांशी जुळवले. कठीण काही नव्हतं. कुणी विचारलं असतं तर शाळेत असतानाही जमलं असतं.

मंगळवारी शुद्ध चतुर्दशी, पौर्णिमेचा आदला दिवस. मी सकाळीच मेसमध्ये जाऊन स्टुलावर उभी राहिले आणि फळा लिहायला घेतला. वर ठळक अक्षरांत मथळा घातला: 'सागरमाता का प्रसाद'. सवय हो, जाता जात नाही.

नऊ वाजायच्या आत पाच टोपल्या दारात उतरल्या. आत बोंबील, ओले, इतके ताजे की हातात धरता येत नव्हते. मिश्राजी चार पावलं लांब उभे राहून, नाकाला उपरणं लावून, मोठ्या आनंदाने बघत होते. बंगाली फिटर कामावर जाता जाता आत डोकावला, टोपलीपाशी उकिडवा बसला आणि एका बोंबलाला त्याच्या भाषेत काहीतरी फार प्रेमाचं बोलला. उत्तरेकडच्या मजुरांचा मंगळवार होता, ते काही खाणार नव्हते. पण केरळवाल्यांनी त्यांच्या वाटणीची जबाबदारी आधीच उचलली होती.

काशीबायने फळ्याकडे हनुवटी केली. "शेठ, वर काय लिवलंय?"

मिश्राजींनी वाचून दाखवलं.

"ते पूस," ती मला म्हणाली. "लोकांला मासळी कवा हाय तेवढं कळू दे."

मी पुसलं. वर जागा रिकामी राहिली, तिथे 'मंगल: ताजी' असं लिहिलं. तिने मिश्राजींकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि मान हलवली.

फिटरने मला ओळखलं असावं. शुक्रवारची वाटी त्याच्या डोळ्यांत अजून होती. माझ्याकडे बोट करून त्याने विचारलं, "ये कौन?"

मी स्टुलावरून खाली उतरले, पदर सारखा केला आणि तोंड उघडलं. लेखिका, बी.ए., पुणे, सगळं ओठांवर तयार होतं. पण काशीबायने आधीच सांगून टाकलं.

"ये? ये खडूवाली. मासळी हमारी हाय, ये बस वार लिखती."

"अच्छा," तो म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं. तो बोंबलांकडे वळला.

मी बोटांवरची धूळ झटकली, पुन्हा स्टुलावर चढले आणि अमावास्येपर्यंतचे वार लिहायला घेतले.